चेहऱ्यातली सणक आणि चिनी वैद्यकातला वारा

चेहऱ्याचे दुखणे म्हटले की आपल्याकडे पहिला संशय दातांवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. माझ्या बाबतीत तो संशय वेळीच दूर झाला, याचे श्रेय नौपाड्यातील आमच्या दंतवैद्यांना द्यायला हवे. उजव्या बाजूच्या वरच्या दाढेपासून नाकपुडीच्या कडेपर्यंत आणि तिथून खालच्या जबड्यात एकदम सणक जायची, काही सेकंदांत थांबायची, आणि थांबल्यावर काही झालेच नव्हते इतके सगळे पूर्ववत व्हायचे. त्यांनी दाढा ठोकून पाहिल्या, क्ष-किरण चित्र काढले, थंड पाणी लावून पाहिले आणि मग स्वच्छ शब्दांत सांगितले, "बाई, हे दुखणे दाताचे नाही, नसेचे आहे. मी दाढेला हात लावणार नाही. तुम्ही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा." या विकारात निरोगी दाढा काढल्या जाण्याचे प्रकार सर्वत्र घडतात, हे नंतर कळले तेव्हा त्यांच्या नकाराची किंमत मला अधिक जाणवली.

निदान फारसे अवघड नव्हते. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचव्या जोडीला ट्रायजेमिनल म्हणतात. तिच्या तीन शाखांपैकी पहिली कपाळाकडे आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या हिरडीकडे, तर तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हा विकार बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या शाखेत, पन्नाशीच्या पुढे, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला अधिक आढळतो. म्हणजे मी अगदी पाठ्यपुस्तकातला रुग्ण होते. एमआरआयमध्ये, हा मज्जातंतू मेंदूच्या खोडातून जिथे बाहेर पडतो तिथेच, सुपिरिअर सेरेबेलर नावाच्या धमनीचे वेटोळे त्याला टेकलेले दिसले. धमनीच्या सततच्या ठोक्यांनी मज्जातंतूवरचे मायेलिनचे आवरण झिजते, मग स्पर्शाचे संदेश नेणारे तंतू आणि वेदनेचे तंतू यांच्यात गल्लत होऊ लागते, आणि म्हणून दात घासणे, तोंड धुणे, घास चावणे, बोलणे, वाऱ्याची झुळूक लागणे अशा निरुपद्रवी गोष्टींनी विजेच्या धक्क्यासारखी कळ उठते.

न्यूरॉलॉजिस्टनी कार्बामाझेपिन सुरू केले. मुळात अपस्मारावरचे असलेले हे औषध १९६० च्या दशकापासून या विकारावर दिले जाते आणि आजही ते पहिल्या पसंतीचे आहे. ते सुरू करण्यापूर्वी त्यांनी रक्ताच्या इतर तपासण्यांसोबत एका जनुकीय प्रकाराचीही तपासणी करून घेतली. एचएलए-बी १५०२ नावाचा हा प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांना या गोळीने त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका बराच वाढतो, आणि हा प्रकार चीन व आग्नेय आशियातील लोकांत विशेष आढळतो. माझ्यात तो नव्हता. गोळीने सणकांची संख्या आणि तीव्रता दोन्ही उतरल्या, पण त्या पूर्ण थांबल्या नाहीत, आणि मात्रा वाढवली की फळ्यावर लिहिताना भोवळ येऊ लागली, रक्तातले सोडियमही खाली गेले. त्यामुळे मात्रा एका मर्यादेपर्यंतच नेता येत होती. शस्त्रक्रियेचा पर्यायही त्यांनी समजावून सांगितला. कानामागून कवटीला लहानसे छिद्र पाडून धमनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनची उशी ठेवण्याची ही शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी रूढ केली. तिचे यश चांगले असले, तरी ती कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि माझी तेवढी तयारी त्या वेळी नव्हती.

ऐरोलीच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. बोलणे हाच व्यवसाय असलेल्या माणसाला बोलण्यानेच कळ उठावी, यातली अडचण वेगळी सांगायला नको. हजेरी घेताना वर्गातल्या एका मुलीला माझ्या जागी नावे वाचायला सांगण्यापर्यंत वेळ आली होती. ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर ती मी दुसऱ्या बाईला देऊ लागले, आणि त्याबद्दल मिळालेल्या आशीर्वादांचा हिशेब ठेवला असता तर तो बराच मोठा झाला असता. भाचीच्या लग्नात नथ घालता आली नाही, कारण नथीचा मोत्यांचा झुबका वरच्या ओठाला जिथे टेकतो नेमकी तीच जागा सर्वांत नाजूक झाली होती. संक्रांतीचा तिळाचा लाडू पाण्यात भिजवून खाल्ला.

चिनी वैद्यकाकडे मी वळले ते नेरूळच्या माझ्या नणंदेमुळे. त्यांच्या गुडघ्यांसाठी त्या वाशीतल्या एका ॲक्युपंक्चर (सुया टोचून करायचा चिनी उपचार) चिकित्सक बाईंकडे जात असत. मी आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारले. त्यांनी हरकत घेतली नाही, मात्र दोन अटी घातल्या: गोळी त्यांना न विचारता एका मिलिग्रॅमनेही कमी करायची नाही, आणि कोणताही काढा किंवा चूर्ण घ्यायचे नाही. वाशीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आपणहून याच दोन गोष्टी सांगितल्या, तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसायला सुरुवात झाली. त्या मूळच्या एमबीबीएस आहेत, हेही त्याला कारण असेल. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि नोंदणी करणारी परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारताना मला संकोच वाटला नाही आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्यांच्या दवाखान्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र होते. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते शल्यविशारद म्हणून तिथे काम करत होते. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय दिले जाते ते त्याच पथकातले दुसरे डॉक्टर, बिजॉयकुमार बसू यांना. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, हे तंत्र शिकले आणि कोलकात्यात त्यांनी त्याचा वापर सुरू केला. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा त्या छायाचित्राची जागा मला थोडी अन्यायाची वाटली, पण मराठी दवाखान्यात कोटणीसांना कोण हलवणार!

पहिली भेट जवळजवळ पूर्ण प्रश्नांतच गेली. चिनी वैद्यकात तपासणीचे चार मार्ग मानले जातात: पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि हाताने चाचपणे. न्यूरॉलॉजिस्टनी मला विचारलेले प्रश्न थोडे आणि नेमके होते. कळ किती वेळ टिकते, कशाने उठते, एकाच बाजूला आहे का, मधल्या काळात गाल बधिर असतो का. त्या प्रश्नांची उत्तरे निदानासाठी पुरेशी होती. इथे मात्र विचारणे वेगळ्या दिशेने सुरू झाले. सुरुवात झाली तेव्हा ऋतू कोणता होता? कळ सकाळी जास्त की संध्याकाळी? गालाला शेक बरा वाटतो की गार फडके? दाबले तर बरे वाटते की वाढते? तहान लागते का, आणि लागली तर माठातले पाणी हवेसे वाटते की कोमट? तोंडाला कडू चव येते का? पोट साफ होते का? झोप मोडते ती किती वाजता? राग येतो तेव्हा तो बाहेर पडतो की आत राहतो? पाळी जाऊन किती काळ झाला, अंगातून वाफा येतात का, हातपाय गार पडतात का?

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला यातले निम्मे प्रश्न विषयाला सोडून वाटावेत हे स्वाभाविक होते. पण उत्तरे देताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाची तीच वाटते. न्यूरॉलॉजीच्या दृष्टीने वाऱ्याची झुळूक, ब्रश, घास हे सगळे कळ उठवणारे सारखेच निमित्त आहेत. बंदुकीचा घोडा कोणी ओढला याला फार महत्त्व नाही, गोळी कुठून सुटते ते महत्त्वाचे. चिनी वैद्यक उलट निमित्तालाच पुरावा मानते. वेदना कोणाच्या संगतीने येते, कोणत्या वेळी येते, कशी सरकते, कशाने शांत होते यावरून तिची जात ठरते, आणि उपचार त्या जातीवर होतो. एकाच नावाच्या विकाराच्या दोन रुग्णांना म्हणूनच वेगवेगळ्या जागी सुया टोचल्या जातात.

जीभ पाहण्यासाठी त्यांनी मला आधीच बजावले होते, की येण्यापूर्वी जीभ खरवडायची नाही आणि कॉफी, हळदीचे दूध, जांभळे असले रंग सोडणारे काही खायचे-प्यायचे नाही. त्यांच्या शास्त्राप्रमाणे जिभेचे टोक हृदयाचे, दोन्ही कडा यकृत आणि पित्ताशयाच्या, मधला भाग जठर व प्लीहेचा आणि मूळ मूत्रपिंडांचे. माझ्या जिभेच्या कडा लाल होत्या आणि मध्यभागी पातळ पिवळसर थर होता. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून त्यांनी नाडी पाहिली, प्रत्येक बोटाखाली आधी हलका आणि मग खोल दाब देऊन. "नाडी तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणलेली लागते आहे," असे त्या म्हणाल्या. ताणलेली नाडी वेदनेच्या रुग्णांत आणि यकृताच्या बिघाडात आढळते, असे चिनी ग्रंथ सांगतात.

यकृत हे नाव ऐकून मी जरा दचकले, कारण कार्बामाझेपिनमुळे माझ्या यकृताच्या तपासण्या नुकत्याच झाल्या होत्या आणि अहवाल निर्दोष होता. डॉक्टरांनी हसून सांगितले, की त्या अहवालाशी आपले भांडण नाही. चिनी वैद्यकातले यकृत हे पोटातल्या त्या अवयवापेक्षा कामांचा एक गट आहे. शरीरातला 'ची' म्हणजे प्राणप्रवाह सुरळीत ठेवणे, राग आणि त्याचा निचरा, स्नायुबंध, डोळे या सगळ्यांची जबाबदारी त्याच्याकडे दिलेली आहे. हा खुलासा ऐकून माझे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण निदान घाबरण्याचे कारण उरले नाही.

त्यांच्या निदानात वारा केंद्रस्थानी होता. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकाराला आलेल्या 'ह्वांगदी नैचिंग' या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात वाऱ्याला सर्व रोगांचा म्होरक्या म्हटले आहे. तो अचानक येतो, अचानक जातो, जागा बदलतो, शरीराच्या वरच्या भागावर आधी हल्ला करतो, आणि थंडी, उष्णता किंवा ओल यांना आपल्यासोबत आत घेऊन येतो. बाहेरचा वारा वेगळा आणि यकृताच्या असमतोलातून शरीरातच उठणारा वारा वेगळा. दुसऱ्याची खूण म्हणजे फडफड, झटके आणि कंप. माझ्या बाबतीत त्यांचे म्हणणे असे, की पौषात लोकलच्या खिडकीतून लागलेल्या थंड वाऱ्याने सुरुवात झाली, थंडी बाहेर न पडता कोंडून राहिली आणि कोंडलेल्या थंडीची पुढे उष्णता झाली. त्यातच रजोनिवृत्तीच्या काळात आतला वाराही उठलेला होता. प्रवाह अडला की वेदना, मोकळा झाला की वेदना नाही, हे त्या वैद्यकाचे वेदनेविषयीचे मूळ सूत्र आहे.

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना यात नवीन काहीच वाटले नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांतल्या अनंतवाताशी आजचे वैद्य या विकाराची सांगड घालतात, असे ते म्हणाले, आणि चल असणे हा वाताचा गुणच आहे, असेही. दोन जुन्या संस्कृतींनी अचानक उठणाऱ्या, सरकणाऱ्या वेदनेचे वर्णन करताना वाऱ्याकडेच बोट दाखवावे, हे निरीक्षणाच्या पातळीवर मला समजू शकते. वर्णन म्हणून ते अचूक आहे. परंतु धमनीचे वेटोळे मी पडद्यावर पाहिले होते, वारा मात्र मला कोणी दाखवू शकत नव्हते, आणि हा फरक मी त्या संपूर्ण काळात मनातून पुसला नाही.

चेहऱ्यावरच्या वाहिन्यांचा, म्हणजे 'ची' ज्या वाटांनी वाहतो असे मानतात त्यांचा, नकाशा ही यातली मला सर्वांत रंजक वाटलेली बाब. चिनी वैद्यकाप्रमाणे जठराची वाहिनी नाकाच्या बाजूने निघून वरच्या हिरडीत शिरते, ओठांना वळसा घालते, जबड्याच्या कडेने कानाच्या पुढे चढते आणि कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत जाते. मोठ्या आतड्याची वाहिनी तर्जनीच्या टोकापासून सुरू होऊन हातावरून, खांद्यावरून, मानेवरून गालात येते, खालच्या हिरडीत जाते आणि नाकाखालच्या खोबणीत बाजू बदलून विरुद्ध नाकपुडीशी संपते. माझी सणक ज्या रेषेने जात असे ती रेषा या दोन वाहिन्यांवर बोट ठेवून दाखवता येत होती. वाहिनी नाकाखाली बाजू बदलते म्हणून उजव्या गालासाठी डाव्या हाताचा बिंदू टोचायचा, हा त्यातून निघणारा व्यवहार. तो बिंदू म्हणजे 'हगू', अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागातला. चेहरा आणि तोंड यांच्या विकारांसाठी हगू वापरावा, अशी ओळ चिनी विद्यार्थी शतकानुशतके पाठ करत आले आहेत. गर्भवती स्त्रियांमध्ये मात्र तो टोचत नाहीत.

प्रत्यक्ष सुया लावण्याच्या दिवशी मला भीती होती ती गालाला हात लागण्याची. डॉक्टरांनी सुरुवातीला चेहऱ्याला स्पर्शच केला नाही. डाव्या हाताचा हगू, पायाच्या अंगठ्याच्या आणि त्यालगतच्या बोटाच्या मधल्या खाचेमागचा 'थायचुंग', आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमधला 'नैतिंग' एवढेच बिंदू त्यांनी घेतले. पाकीटबंद, एकदाच वापरायच्या सुया जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या असतात; आपल्याला इंजेक्शनची जी सुई ठाऊक असते तिच्या पोकळीतून त्या सहज जाऊ शकतील. टोचल्याचे फारसे कळत नाही, पण सुई हलकेच फिरवली की तिथे जड, बोथट, पसरत जाणारा ठणका जाणवतो. या जाणिवेला चिनी वैद्यक फार महत्त्व देते. ती आली म्हणजे 'ची' सुईशी पोचला असे मानतात. थायचुंगला तो ठणका पावलाच्या वरच्या भागात पार घोट्यापर्यंत गेला. अर्धा तास मी तशीच पडून होते. एकदा पावलावर काळानिळा डाग पडला, याखेरीज मला त्रास झाला नाही.

कळा जरा विरळ झाल्यावर त्या चेहऱ्यावर आल्या, आणि तिथे दोन्ही शास्त्रे एका ठिकाणी भेटली. डोळ्याच्या बाहुलीच्या सरळ खाली गालाच्या हाडात एक बारीक छिद्र असते, तिथून ट्रायजेमिनलच्या दुसऱ्या शाखेचा इन्फ्राऑर्बिटल हा फाटा बाहेर पडतो. गालाचा भाग बधिर करायचा असेल तेव्हा डॉक्टर इथेच इंजेक्शन देतात. चिनी नकाशावर नेमक्या याच जागी जठराच्या वाहिनीचा 'सबाय' हा बिंदू आहे. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या कमानीखालच्या खळग्यातला 'श्याक्वान' तिसऱ्या शाखेच्या वाटेवर येतो. मी हे न्यूरॉलॉजिस्टना सांगितले तेव्हा त्यांनाही त्यात गंमत वाटली. मज्जातंतू न पाहता, केवळ कुठे दाबले की काय होते याच्या दीर्घ निरीक्षणातून ही ठिकाणे ठरली असतील, असा माझा तर्क आहे. आणि तो खरा असेल तर चिनी वैद्यकाचा नकाशा त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

वारा आणि थंडीच्या जातीच्या वेदनेत सुयांबरोबर शेकही देतात. त्यासाठी जी वनस्पती जाळतात ती आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातली असते. माझ्या बाबतीत उष्णतेचे निदान असल्यामुळे डॉक्टरांनी शेक टाळला. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तर त्या न्यूरॉलॉजिस्टांपेक्षाही कडक निघाल्या. डोके आणि चेहऱ्याच्या वाऱ्याच्या वेदनेसाठी चहाबरोबर घ्यायचे एक प्रसिद्ध चूर्ण सुंग राजवटीपासून चालत आले आहे. पण त्यातल्या 'शीशिन' या वनस्पतीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते आणि ते मूत्रपिंडांना घातक आहे. शिवाय कार्बामाझेपिन यकृतातल्या विकरांना चेतवून इतर औषधांचे गणित बिघडवते. "मला सुया येतात, तेवढेच मी करते," असे त्या म्हणाल्या.

त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली होती. कळ उठली की वेळ, हवा, त्याआधी काय खाल्ले, रात्री झोप कशी झाली, शाळेत काही कटकट झाली का, हे त्यात लिहायचे. निदानात जठराच्या उष्णतेचाही वाटा असल्याने तिखट आणि तळलेले खाल्ल्यावर कळा वाढतील, अशी त्यांची अपेक्षा होती. वहीत तसे काही दिसले नाही. मिसळ खाल्लेले दिवस आणि वरणभाताचे दिवस यांत फरक नव्हता. फरक होता तो मोडलेल्या झोपेनंतरच्या दिवसांत, आणि शिक्षकखोलीतल्या एसीचा झोत थेट उजव्या गालावर येईल अशा खुर्चीत बसलेल्या दिवसांत. मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, जठराचे निदान मागे घेतले, नैतिंग सोडून दिला आणि मानेच्या मागे कवटीच्या कडेखालचा, वाऱ्यासाठी वापरला जाणारा 'फंगछि' हा बिंदू घेतला. चिकित्सकाने पुराव्यापुढे आपले मत बदलावे, याचे मला अप्रूप वाटले. मात्र एक शंका तेव्हाही मनात आली आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली: जे निदान असे सहज बदलता येते ते चुकीचे ठरणार तरी कधी? त्यांच्याकडे याचे उत्तर नव्हते आणि असल्याचा आव त्यांनी आणला नाही.

वहीमुळे व्यवहारात जे बदलले ते साधे होते. मी खुर्ची बदलली, लोकलमध्ये कानापासून हनुवटीपर्यंत मऊ ओढणी गुंडाळू लागले, तोंड कोमट पाण्याने धुऊ लागले आणि रात्री उत्तरपत्रिका तपासत जागणे बंद केले. यातली कोणतीही गोष्ट सांगायला चिनी वैद्यक लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु इतक्या बारकाईने मला दुसऱ्या कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

पावसाळा संपेपर्यंत सणका जवळजवळ थांबल्या. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर आमच्या घरात भरपूर चर्चा झाली. नणंद सुयांना देतात, आमचे हे गोळीला देतात. मी वाचले आणि डॉक्टरांना विचारले तेवढ्यावरून मला दिसते ते असे: या विकारात आपोआप शांत होण्याचे काळ येतात, आणि ते कधी काही महिने तर कधी काही वर्षेही टिकतात. त्यामुळे एका रुग्णाच्या बरे वाटण्यावरून कोणत्याही उपचाराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि तो रुग्ण मी स्वतः असले म्हणून हा नियम शिथिल होत नाही. सुईने शरीरातली एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे १९७० च्या दशकापासून प्रयोगांत दाखवले गेले आहे. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी ॲक्युपंक्चर उपयोगी ठरू शकते, असा निष्कर्ष वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाबाबत मात्र बहुतेक चाचण्या लहान आणि सदोष आहेत. त्यात सुईची तुलना कशाशी करायची ही अडचण आहेच. टोक आत सरकणाऱ्या, त्वचेत न शिरणाऱ्या बोथट सुया संशोधकांनी त्यासाठी तयार केल्या आहेत, आणि काही दुखण्यांत खऱ्या सुयांचा फायदा या खोट्या सुयांपेक्षा थोडासाच अधिक निघतो. धमनीचे वेटोळे सुयांनी बाजूला होत नाही, एवढे तर निश्चित आहे.

ज्यांना असा त्रास आहे त्यांनी मला विचारले तर मी क्रम बदलू नका असेच सांगते. आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय, कारण तरुण वयात हाच त्रास मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारामुळे आणि कोणत्याही वयात गाठीमुळेही होऊ शकतो. नाडी आणि जीभ पाहून ते कळणार नाही. गाल बधिर वाटत असेल, वेदना दोन्ही बाजूंना असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून तपासणी आधी करून घ्यावी. त्यानंतर, गोळी चालू ठेवून, नोंदणीकृत आणि आपली मर्यादा ओळखणाऱ्या चिकित्सकाकडे जायला माझी हरकत नाही.

सध्या न्यूरॉलॉजिस्ट माझी मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत आहेत आणि प्रत्येक टप्प्यानंतर सोडियम तपासतात. वाशीच्या फेऱ्या विरळ झाल्या आहेत. ऋतू बदलताना यावे, एवढेच डॉक्टरांचे म्हणणे असते. कळा पुन्हा सुरू झाल्या आणि गोळीने आटोक्यात आल्या नाहीत, तर नवा एमआरआय काढून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा, असे आमचे ठरले आहे, आणि या निर्णयाला वाशीच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टांच्याही आधी दुजोरा दिला.